जुना भाग जमा केल्याशिवाय

शेजाऱ्याकडे वाटीभर साखर मागायला गेलं की ती मिळणार की नाही, हे त्याच्या घरात साखर आहे की नाही यावर ठरतं. पावतीकाकांकडे मात्र ते वाटीवर ठरायचं. आधी तुमची रिकामी वाटी जमा करायची, मग त्यांच्या घरची भरलेली वाटी मिळायची आणि वर एक पावती. पावतीवर 'साखर, वाटी एक, स्थिती कोरडी' असं लिहून खाली सही. इमारतीतल्या अर्ध्या लोकांनी त्यांच्याकडून काही मागणं सोडून दिलं होतं. उरलेल्या अर्ध्यांना पावत्या जमवायचा नाद लागला होता.

यात काकांचा फारसा दोष नव्हता. त्यांनी तेहतीस वर्षं एका मोठ्या छापखान्याचं भांडार सांभाळलं होतं, आणि त्या भांडाराच्या खिडकीवर एक पाटी होती: 'जुना भाग जमा केल्याशिवाय नवीन भाग मिळणार नाही.' तुटलेला रूळ आणा, नवा रूळ न्या. एकदा एका कामगाराचा पाना विहिरीत पडला, तर काकांनी त्याला शांतपणे सांगितलं, "काढून आणा. मी इथेच आहे." पाना निघाला तिसऱ्या दिवशी. निवृत्तीच्या समारंभात सहकाऱ्यांनी काकांना ती पाटीच भेट दिली आणि सोबत पोलादी आकड्यांच्या ठशांची पेटी. जमा झालेल्या प्रत्येक जुन्या वस्तूवर काका हातोडीने आकडा ठोकायचे. आकडा नसलेली वस्तू त्यांच्या लेखी जन्मालाच आलेली नसे. पाटी काकूंनी कपाटाच्या आतल्या बाजूला लावली. ठशांची पेटी मात्र काका उशाशी घेऊन झोपायचे, असं लोक म्हणायचे. ते खोटं आहे. पेटी खाटेखाली असायची.

आता बोटीकडे येऊ.

बोट काकूंच्या वडिलांची. त्यांना सगळे आप्पा म्हणत. गावाच्या कडेला जो मोठा जलाशय आहे त्याच्या पलीकडच्या वस्त्यांवर आप्पांनी अठ्ठावीस वर्षं टपाल पोचवलं, ते याच मोटारबोटीतून. सरकारने पुढे रस्ता केला, टपाल रस्त्याने जाऊ लागलं, बोट लिलावात निघाली आणि आप्पांनी ती घेतली. मग त्यांची नजर मंदावत गेली. आता उजेड आणि अंधार कळायचा, बाकी सगळं काम कान करायचे. सहा वर्षं बोट धक्क्याला बांधून पडली होती. वर्षभर आप्पा लेकीकडे होते. आणखी सहा महिन्यांनी त्यांचा मुलगा दूरच्या शहरातल्या मोठ्या घरात राहायला जाणार होता आणि आप्पांना कायमचं तिकडे नेणार होता.

एके दिवशी चहा पिताना आप्पा म्हणाले, "जायच्या आधी एकदा बोटीने पलीकडे जाऊन यायचं होतं. असो."

त्या 'असो'नंतर काकूंनी काकांकडे नुसतं बघितलं. लग्नाला एकतीस वर्षं झालेल्या माणसाला अशा बघण्याचा अर्थ विचारावा लागत नाही.

"मी करतो दुरुस्त," काका म्हणाले, आणि स्वतःच दचकले.

त्यांना दचकायला कारण होतं. लग्नानंतर पहिल्यांदा सासरी गेले असताना आप्पांनी नव्या जावयाला याच बोटीतून फिरायला नेलं होतं. काकांनी हौसेने सुकाणूला हात लावला, तर आप्पांनी सगळ्या मेहुण्यांसमोर तो हात उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाले, "जावईबापू, ही पावत्यांची वही नाही." मेहुणे हसले. मेहुण्यांचं काय, ते हसायलाच जन्माला येतात. पण नवी बायकोसुद्धा हसली होती. काकांनी तो राग जपून ठेवला होता, आणि जपून ठेवण्यात तर त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"दुरुस्त करा," आप्पा म्हणाले, "पण एक अट आहे. एकही भाग बदलायचा नाही. इंजिनाला काहीही झालेलं नाही. बसून बसून आळसावलंय, इतकंच. पुसा, घासा, तेल द्या. भाग बदललात तर उचकी जाईल."

"उचकी?"

"तीन ठोके आणि एक उचकी. टक टक टक, हुक्! आतल्या कुठल्यातरी चाकाच्या दात्याची झीज आहे. पलीकडची माणसं ती उचकी ऐकून धक्क्यावर यायची. उचकी गेली तर ती बोट माझी नाही. मला काही दिसत नाही जावईबापू, मला तेवढंच ऐकू येतं."

काकांनी मान डोलावली. मग ती दिसली नसेल हे लक्षात येऊन तोंडाने "बरं" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काका जलवाहतूक कार्यालयात गेले. बोटीचा परवाना बरोबर सहा महिन्यांनी संपत होता.

"नूतनीकरणासाठी बोट समक्ष आणा," कारकून म्हणाला.

"इथे? दुसऱ्या मजल्यावर?"

कारकुनाने नियम पुन्हा वाचला. "समक्ष म्हणजे धक्क्यावर. निरीक्षक येतील. बोट चालली पाहिजे. नाही चालली तर धक्क्यावरून हलवून मोडीत निघेल. आणि हे घोषणापत्र. 'इंजिन मूळ असून त्याचा एकही भाग बदललेला नाही.' खाली सही."

"आणि बदलला असेल तर?"

"तर ती नवी बोट धरली जाते. मग नवी नोंदणी. नवी नोंदणी बंद आहे."

"कधीपासून?"

"सुरू झाल्यापासून," कारकून म्हणाला.

एखाद्या दुसऱ्या माणसाने इथे कपाळावर हात मारला असता. काकांनी ते घोषणापत्र दोनदा वाचलं, त्याचा समास, क्रमांक आणि सहीची जागा पाहिली, आणि त्यांना मनापासून बरं वाटलं. इतका चांगला फॉर्म त्यांनी निवृत्त झाल्यापासून पाहिला नव्हता.

इंजिन बोटीतून काढून घरी आणायचं ठरलं. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दुसऱ्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर, तळमजल्यावरचे निवृत्त बस ड्रायव्हर, वॉचमन आणि काका अशा चौघांनी ते एका लाकडी फळीवर बांधलं. तेल कपड्यांना लागू नये म्हणून काकूंनी वरून पांढरी चादर घातली. चौघे खांदे देऊन गंभीर चेहऱ्याने जिना चढू लागले, तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या बाई दारात आल्या आणि डोळ्यांना पदर लावून उभ्या राहिल्या. एक गृहस्थ चप्पल काढून बाजूला झाले.

"कोण गेलं हो?" त्यांनी हळूच विचारलं.

"कोणी गेलं नाही," बस ड्रायव्हर धापा टाकत म्हणाले, "आलंय!"

"वर कसे नेताहेत पण?" बाई हुंदका आवरत म्हणाल्या. एवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून आप्पांचा खणखणीत आवाज आला, "कोण गेलं रे?" ज्यांच्यासाठी आपण रडतोय तेच वरून चौकशी करताहेत हे ऐकून बाई आत गेल्या आणि महिनाभर काकांशी बोलल्या नाहीत.

इंजिन गॅलरीत बसलं. गॅलरीला लागून आप्पांची खोली. म्हणजे काकांनी पाना जरी फिरवला तरी आतून विचारणा व्हायची, "काय काढलंत?"

"काही नाही आप्पा, पुसतोय."

आणि काका खरंच पुसत होते. निदान पहिले चार दिवस. पण इंजिन उघडून ठेवलेलं दिसलं की माणसं जमतात, आणि माणसं जमली की सल्ले जमतात. बस ड्रायव्हर रोज सकाळी येऊन इंजिनाकडे बघत आणि "बसचं असं नसतं," एवढंच बोलून जात. खरा घात केला तो दाताच्या डॉक्टरांनी. त्यांनी चष्म्यावर भिंग चढवलं, बॅटरी पाजळली आणि कार्ब्युरेटरवर बारीक हातोडीने टकटक केली.

"दुखतं का?" सवयीने त्यांनी विचारलं. मग भानावर येऊन म्हणाले, "काळा पडलाय. हा काढावा लागेल."

"घासून नाही चालणार?"

"काका, मी चोवीस वर्षं हेच करतोय. किडलेला एक ठेवला की शेजारचा खराब करतो. आज घासाल, उद्या रात्रभर ठणकेल. काढून टाका, नवीन बसवा."

असं म्हटल्यावर काका काय करणार? डॉक्टरांच्या पुढ्यात आजवर कोणाला वाद घालता आलेला नाही, कारण तोंड उघडं असतं. शिवाय इंजिन चालू झालं नाही तर बोट मोडीत निघणार, आप्पा पलीकडे न जाताच शहरात जाणार आणि काकू पुढची तीस वर्षं नुसत्या बघणार. काकांनी कार्ब्युरेटर काढला, त्याच्या बुडाला ठशाने '१' ठोकला आणि कागदात गुंडाळला.

"काय ठोकताय?" आतून आवाज आला.

"गॅलरीचा खिळा आप्पा, निघालाय."

खोटं बोलताना काकांचे कान तापले. त्यांनी आयुष्यात वॉशरच्या बाबतीतसुद्धा खोटं सांगितलं नव्हतं.

जुन्या इंजिनांच्या सुट्या भागांचं एक दुकान बाजाराच्या टोकाला होतं. दुकानदार किडकिडीत, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि इतका भिडस्त की गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायची वेळ आली की त्याला खोकला यायचा.

"असा नवीन द्या," काका म्हणाले.

दुकानदाराने कार्ब्युरेटर उलटसुलट केला. "काका, ही कंपनी बंद होऊन..." इथे त्याला खोकला आला.

"ते नंतर. आधी हा जमा करून घ्या."

"मला काय करायचाय हा?"

"जुना भाग जमा केल्याशिवाय नवीन भाग मिळत नाही."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो!" काका म्हणाले, आणि त्यांनी खिशातून पावतीपुस्तक काढलं. "इथे सही करा. 'जुना भाग मिळाला, नग एक.' बोला, नवीन कधी?"

दुकानदाराने एकदा पावतीकडे, एकदा काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याला पुन्हा खोकला आला. "आठ दिवसांनी या," तो शेवटी म्हणाला. "तयार ठेवतो."

आठव्या दिवशी काका गेले तर कार्ब्युरेटर तयार. काय त्याचा तो झळाळ! चंदेरी रंगात नखशिखांत न्हालेला.

"रंग मात्र खरवडू नका," दुकानदार जमिनीकडे बघत म्हणाला. "हमी जाईल."

हमी हा शब्द कानावर पडला आणि काका विरघळले. हमीची वस्तू म्हणजे त्यांना देवघरातल्या वस्तूसारखी. त्यांनी तो कार्ब्युरेटर मांडीवर घेऊन रिक्षातून घरी आणला आणि बसवताना हातांना धुतलेले मोजे घातले.

मग डॉक्टरांनी ठिणगी पाडणारा मॅग्नेटो पाहिला. हलत होता. हलतोय म्हणजे काढायलाच हवा. मग पाण्याचा पंप. त्याला भोक नव्हतं, पण डॉक्टरांच्या मते ते आतून असतं, वरून दिसत नाही. मग झडपा, पिस्टनची कडी, तेलाची नळी. सहा महिन्यांत सतरा भाग निघाले, सतरांवर आकडे ठोकले गेले, सतरा जमा झाले आणि सतरा नवे चकचकीत भाग गॅलरीत आले. दुकानदार दर खेपेला काहीतरी सांगायला तोंड उघडायचा आणि दर खेपेला काका त्याच्यापुढे पावतीपुस्तक धरायचे. गॅलरीतला खिळा एवढ्या वेळा ठोकला गेला होता की आप्पा एकदा म्हणाले, "जावईबापू, गॅलरी अजून आहे ना?"

सतरावा भाग बसल्यावर घरीच चाचणी घ्यायची हुक्की काकांना आली. बादलीत पंपाची नळी सोडली, हँडल फिरवलं. इंजिनाने एक दीर्घ श्वास घेतला, 'धडाम्' असा एकच आवाज काढला आणि सहा वर्षांची काजळी एका दमात बाहेर टाकली. खालच्या दोरीवर डॉक्टरांचे नऊ पांढरे कोट वाळत होते. पुढे कित्येक दिवस डॉक्टर ठिपक्यांच्या कोटात दात काढत होते, आणि पेशंट म्हणे आधीपेक्षा लवकर तोंड उघडत होते. आतून आप्पा एवढंच म्हणाले, "उचकी नाही आली."

त्या दिवशी काकांना पहिल्यांदा उचकीची आठवण झाली. भाग बदलण्याच्या भरात ते तिला विसरूनच गेले होते. सतरा नवे भाग बसलेल्या इंजिनाला उचकी लागणार कुठून? आप्पा ऐकणार, आणि एका ठोक्यात ओळखणार. आणि आप्पांनी ओळखलं नाही, तरी ते घोषणापत्र होतंच.

"तुमचं काय बिनसलंय?" काकूंनी विचारलं.

काकांनी सगळं सांगून टाकलं. काकू हसल्या नाहीत, हेच फार वाईट होतं.

"मला माहितीये हो," त्या म्हणाल्या. "गॅलरीत एकही खिळा नाही. पण आप्पांना तुम्हीच सांगायला हवं."

"उद्या सांगतो," काका म्हणाले. असे अकरा उद्या गेले आणि तपासणीचा दिवस उजाडला.

इंजिन बोटीत चढवलं होतं. धक्क्यावर निम्मी इमारत जमली होती. ठिपक्यांच्या कोटात डॉक्टर आले होते. बस ड्रायव्हर पाण्याकडे बघून "बसचं असं नसतं," म्हणत होते. दुकानदारसुद्धा आला होता आणि का कोण जाणे, सगळ्यांच्या मागे उभा होता. निरीक्षक बाई वेळेवर हजर होत्या. हातात फळी, फळीवर फॉर्म, आणि चेहऱ्यावर चार ठिकाणी अजून जायचंय असा भाव. आप्पांना काकूंनी हाताला धरून बोटीत बसवलं. त्यांनी जुनी टपालाची खाकी टोपी घातली होती.

"चालू करा," बाई म्हणाल्या.

काकांनी डोळे मिटून हँडल फिरवलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा इंजिन खाकरलं आणि चालू झालं. टक टक टक.

काकांनी एक डोळा उघडला.

हुक्!

टक टक टक, हुक्! टक टक टक, हुक्!

आप्पांनी दोन्ही हात गुडघ्यांवर आपटले. त्यांच्या न दिसणाऱ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना भान नव्हतं. "तीच!" ते ओरडले. "ऐकलंत का सगळ्यांनी? तीच उचकी! वाटलं होतं, हा माणूस इंजिनाचा चिवडा करणार. पण नाही. शब्द पाळला. एकही भाग बदलला नाही माझ्या जावयाने!"

एकतीस वर्षांत 'माझ्या जावयाने' हे शब्द काकांनी पहिल्यांदा ऐकले होते. खरं तर इथेच गोष्ट संपायला हरकत नव्हती. शहाणा माणूस असता तर त्याने गप्प बसून मान खाली घातली असती आणि घरी जाऊन चहा प्याला असता.

"इथे सही," निरीक्षक बाईंनी फळी पुढे केली. 'इंजिन मूळ असून त्याचा एकही भाग बदललेला नाही.'

काकांनी पेन टेकवलं. ते चालेना. शाई होती, पण हात हलत नव्हता. तेहतीस वर्षांत एक खोटी सही नाही, आणि आज करायची ती या डोळ्यांसमोर, जे बघू शकत नाहीत म्हणून?

"मला सही करता येणार नाही," काका म्हणाले. "आप्पा, मी तुम्हाला फसवलं. मी सतरा भाग बदललेत."

धक्क्यावरचे सगळे आप्पांकडे वळले. इंजिनाची उचकी चालूच होती.

"खोटं," आप्पा म्हणाले.

"खरं आहे आप्पा."

"माझ्या कानांना शिकवता? हे तेच इंजिन आहे."

"नाहीये हो! कार्ब्युरेटर नवा, मॅग्नेटो नवा, पंप नवा..."

"एक अक्षर बोलू नका. तुम्हाला एवढं कुठे येतंय!"

हा घाव वर्मी बसला. गुन्हा कबूल केला तर गुन्हा करण्याचीही लायकी नाही म्हणतात, म्हणजे काय? "मग बघाच," काका गरजले, आणि इंजिन बंद करून त्यांनी पेचकस उपसला. "खरवडून दाखवतो. आतून कोरा करकरीत नवा आहे की नाही बघा."

"अहो, हमी जाईल!" काकू ओरडल्या.

"काका, नको, नको!" मागून दुकानदार ओरडला, आणि या वेळी त्याला खोकलासुद्धा आला नाही.

काकांनी कार्ब्युरेटर सोडवून उलटा केला आणि त्याच्या बुडावरचा चंदेरी रंग खरवडला. रंगाचा पापुद्रा सुटला. खाली लोखंडात, थोडासा तिरका, आकडा होता. १.

काकांनी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. मग ते मॅग्नेटोवर तुटून पडले. २. पंप. ३. तेलाची नळी. ९. एकेक भाग ते खरवडत गेले आणि एकेक आकडा हजेरी देत गेला. ठोकताना नऊचा आकडा जरा वाकडा पडल्याचं त्यांना आठवत होतं. तोही तसाच वाकडा होता.

सगळे वळून दुकानदाराकडे बघू लागले.

"मी काय करू?" तो काकुळतीला येऊन म्हणाला. "ही कंपनी बंद होऊन चाळीस वर्षं झाली. हे भाग जगात कुठेच मिळत नाहीत. असं पहिल्याच दिवशी सांगणार होतो, तर काकांनी पावतीपुस्तक काढलं. मग म्हटलं, एवढा सज्जन माणूस, याला रिकाम्या हाताने कसं पाठवू? खोलून पाहिलं तर भागाला काही झालेलंच नव्हतं. नुसती घाण. धुतला, घासला, तेल दिलं, रंग मारला. सतराच्या सतरा भागांचं हेच झालं. कामात कसूर नाही काका. फक्त हमीचं तेवढं... आकडे दिसू नयेत म्हणून..."

ज्या माणसाने तेहतीस वर्षं एक खिळा इकडचा तिकडे होऊ दिला नाही, त्याने सहा महिने स्वतःचाच माल स्वतः जमा करून स्वतःच परत आणला होता, आणि दर वेळी पावतीही दिली होती. काकांना बोट बुडावी असं वाटलं. पण ती अगदी उत्तम तरंगत होती.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा!" काकू म्हणाल्या, आणि सहा महिन्यांचं साठवलेलं हसू त्यांनी एकदम सोडलं. मग डॉक्टर हसले, बस ड्रायव्हर हसले, पहिल्या मजल्यावरच्या बाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या.

आप्पा हसले नाहीत. त्यांनी हात पुढे केला. काकांनी कार्ब्युरेटर त्यांच्या हातात दिला. आप्पांनी त्याच्यावरून बोटं फिरवली, ती आकड्यावर येऊन थांबली.

"हा गॅलरीतला खिळा का?"

"हो, आप्पा."

"सतरा ठोकलेत?"

"सतरा."

"आणि सही नाही केलीत." आप्पांनी भाग परत केला. "बसवा."

निरीक्षक बाईंनी फॉर्म दोनदा वाचला. "एवढी वर्षं नोकरी करतेय," त्या म्हणाल्या, "इंजिन बदलून ते मूळ असल्याचं सांगणारे रोज भेटतात. मूळ इंजिन बदललंय म्हणून भांडणारे तुम्ही पहिलेच. करा सही आता." काकांनी केली. आयुष्यात इतकी खरी सही त्यांनी कधी केली नव्हती, आणि इतकी लाज वाटतानाही कधी केली नव्हती.

अर्ध्या तासाने बोट निघाली. बोटीत तिघंच होते. टक टक टक, हुक्. सुकाणूवर आप्पांचा हात, शेजारी काकू "जरा डावीकडे, आता सरळ," असं सांगत होत्या. काका इंजिनापाशी बसले होते, मान खाली घालून. पलीकडच्या काठावर तीन-चार माणसं उभी राहिलेली दिसू लागली. त्यातल्या एका म्हाताऱ्याने हात हलवायला सुरुवात केली होती.

"आले का धक्क्यावर?" आप्पांनी विचारलं.

"आलेत आप्पा," काकू म्हणाल्या. "चौघं आहेत."

आप्पांनी टोपी नीट बसवली. मग म्हणाले, "जावईबापू, इकडे या. धरा सुकाणू."

काका जागचे हलेनात. "मी?"

"मग काय डॉक्टरांना बोलावू? धरा. पण थांबा." आप्पांनी हात वर केला. "नियम काय आहे तुमचा? जुना भाग जमा केल्याशिवाय नवीन मिळत नाही ना? काय जमा करताय?"

काका विचारात पडले. खिशात पावतीपुस्तक होतं, पेन होतं, रंगाचे पापुद्रे होते. जमा करण्यासारखं त्यांच्याकडे एकच जुनं होतं.

"एक राग आहे," ते म्हणाले. "एकतीस वर्षांपूर्वीचा. तुम्ही सुकाणूवरून माझा हात उचलून ठेवला होतात, सगळ्यांसमोर. तो अजून जपून ठेवलाय."

"स्थिती?"

"चांगली होती," काका म्हणाले. "मघाशी तुम्ही 'माझा जावई' म्हणालात, तेव्हापासून जरा खिळखिळी झालीये."

"द्या इकडे," आप्पा म्हणाले आणि त्यांनी काकांचा हात शोधून घट्ट धरला. "तो हात उचलला ना, त्याच रात्री मला वाईट वाटलं होतं. पण सासऱ्याने सॉरी म्हणायची तेव्हा पद्धत नव्हती. करा पावती."

काका मांडीवर पावतीपुस्तक उघडून लिहायला बसले. आप्पा शेजारी वाकून सांगू लागले. 'जमा: राग, नग एक, जुना. दिले: सुकाणू, नग एक, मूळ.' 'मूळ'वर दोघांचं जरा भांडण झालं. काकांचं म्हणणं, 'चालू स्थितीत' लिहावं. आप्पांचं म्हणणं, मूळ म्हणजे मूळ. शेवटी दोन्ही लिहिलं. काकांनी सही केली, आप्पांच्या बोटांना पेन धरवून त्यांची सही घेतली, कागद फाडून त्यांच्या वरच्या खिशात ठेवला. तिथे पूर्वी लोकांना आलेल्या तातडीच्या तारा ठेवायचे, असं आप्पा म्हणाले.

मग दोघांच्याही एकदमच लक्षात आलं की सुकाणू मघापासून दोघांपैकी कोणाच्याच हातात नाही. आणि तरी बोट काठाकडे अगदी रेषेत चालली आहे.

दोघे वळले. काकू पाय पसरून आरामात बसल्या होत्या, एक हात सुकाणूवर, दुसऱ्या हाताने पलीकडच्या म्हाताऱ्याला हात हलवत.

"तुला येतं हे?" काकांनी विचारलं.

"नवव्या वर्षापासून," काकू म्हणाल्या. "तुमचं दोघांचं चालू द्या. मला पावती नको."